थंडीत स्टार्टिंग फ्लुइड: पेट्रोल इंजिनाला किती, डिझेलला का नाही

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: रात्री तापमान उणे १० अंशांच्या खाली जातं. बारा वर्षं जुनी, इंजेक्शनवाली पेट्रोल गाडी सकाळी सेल्फ नीट घेते, पण इंजिन पेट घेत नाही. कुणीतरी स्टार्टिंग फ्लुइडचा, म्हणजे इंजिनाच्या हवेच्या वाटेत मारायच्या चटकन पेटणाऱ्या फवाऱ्याचा, डबा हातात दिलाय. तो कसा मारायचा, घरातल्या डिझेल गाडीलाही चालेल का, आणि त्याची इंजिनाला सवय लागते म्हणतात ते खरं का?

आधी उत्तर सांगतो, कारणं मागाहून. पेट्रोल गाडीला एखाद्या अडलेल्या सकाळी एक-दोन सेकंदांचा एक फवारा चालतो. डिझेल गाडीत हीटर प्लग (थंडीत सिलिंडर आतून तापवणारे प्लग) असतील तर अजिबात मारायचा नाही, आणि आजच्या जवळजवळ सगळ्या डिझेल कारमध्ये ते असतात. जी गाडी रोज सकाळी डबा मागते तिच्यात काहीतरी बिघडलेलं आहे. इतकी वर्षं इंजिनांचं काम करताना मला या डब्याचा उपयोग गाडी चालू करण्यापेक्षा बिघाड कुठल्या बाजूला आहे हे ओळखायला जास्त झाला आहे. तुम्हीही तो तसाच वापरावा असं मला मनापासून वाटतं, म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

थंडीत पेट्रोल इंजिन का अडतं ते आधी पाहू. द्रव पेट्रोल जळत नाही, त्याची वाफ जळते. पेट्रोल हा एकच पदार्थ नसून अनेक हायड्रोकार्बनांचं मिश्रण आहे. त्यातले हलके घटक साधारण ३५ अंशांना उकळतात, तर जड घटकांना २०० अंशांपर्यंत तापावं लागतं. उणे १० ला फक्त हलके घटक थोडेफार उडतात. बाकीचं पेट्रोल मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) आणि सिलिंडरच्या गार भिंतींवर थेंबांच्या रूपात बसून राहतं. म्हणूनच इंजिनाचा कॉम्प्युटर गार इंजिनाला नेहमीच्या कितीतरी पट पेट्रोल देतो, म्हणजे त्यातला थोडा भाग वाफ झाला तरी काम भागतं. हे जादा पेट्रोल किती द्यायचं, हे तो कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) तापमान सेन्सरवरून ठरवतो. हा सेन्सर लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्यात बॅटरीही थंडीत मार खाते. उणे १८ अंशांना लेड-ॲसिड बॅटरी उन्हाळ्यातल्या ताकदीच्या अर्ध्याच्या आसपास येते. बॅटरीवर सीसीए (थंडीत सेल्फ फिरवायला मिळणारा करंट) म्हणून जो आकडा छापलेला असतो तो याच तापमानाला मोजलेला असतो: ३० सेकंद तेवढा करंट देऊनही १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब ७.२ व्होल्टच्या खाली जाता कामा नये. दुसरीकडे ऑइल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायला ताकद जास्त लागते. ताकद कमी आणि ओझं जास्त, अशी दोन्ही बाजूंनी ओढाताण होते.

आता डब्यात काय असतं ते. मुख्य घटक डायइथाइल इथर. त्याच्या जोडीला बहुतेक वेळा हेप्टेन, कधी थोडं वंगण, आणि फवारा बाहेर ढकलणारा वायू. प्रमाण डब्यागणिक वेगळं असतं, म्हणून मागचं लेबल वाचायचा कंटाळा करू नका. इथर ३४.६ अंशांना उकळतं आणि कडाक्याच्या थंडीतही त्याची भरपूर वाफ होते. हवेत त्याचं प्रमाण सुमारे २ टक्क्यांपासून ३६ टक्क्यांपर्यंत काहीही असलं तरी ते पेट घेतं. पेट्रोलच्या वाफेला हीच मुभा साधारण दीड ते साडेसात टक्के एवढीच आहे. म्हणजे मिश्रण जरा कमीजास्त झालं की पेट्रोल पेटत नाही, इथर मात्र ठिणगीची वाटच बघत असतं.

पण तिसरा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. ठिणगीशिवाय, नुसत्या उष्णतेने पेटायला पेट्रोलला २५० अंशांच्या वर जावं लागतं. इथर १६० ते १८० अंशांनाच आपोआप पेटतं. बाहेर कितीही थंडी असली तरी हवा दहाव्या हिश्शात दाबली की तिचं तापमान कागदावरच्या हिशेबाने २०० अंशांच्या पुढे जातं. म्हणजे पेट्रोल इंजिनातही, फवारा जास्त झाला तर ठिणगीची वेळ येण्याआधीच स्फोट होऊ शकतो. तो तुम्हाला हातोडी मारल्यासारख्या आवाजात ऐकू येतो. त्यात हेप्टेन असेल तर आणखी भर, कारण ऑक्टेन (अवेळी पेटण्याला इंधन किती विरोध करतं ते) मोजण्याच्या पट्टीवर नॉर्मल हेप्टेनला शून्य धरलेलं आहे. फायदा आणि धोका दोन्ही एकाच गुणातून येतात, त्यामुळे मात्रेला इतकं महत्त्व आहे.

डबा हातात घेण्याआधी पाच मिनिटं गाडीचं ऐकून घ्या. सेल्फचा आवाज ही सगळ्यात स्वस्त तपासणी आहे. इंजिन रडतखडत, थांबत थांबत फिरत असेल तर प्रश्न बॅटरीचा किंवा तिच्या जोडण्यांचा आहे. तिथे इथर मारून काही साधत नाही. उलट इंजिन सावकाश फिरत असताना एखाद्या सिलिंडरमध्ये अवेळी स्फोट झाला तर तो पिस्टनला मागे ढकलतो आणि सेल्फच्या दातांवर घाव बसतो. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवत असेल तर ती भरलेली आहे. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, आणि १२ म्हणजे जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताना दाब साडेनऊ व्होल्टच्या खाली घसरत असेल तर बॅटरी किंवा केबल बघा. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी आणि इंजिनाची ढिली अर्थिंगची तार, या दोन गोष्टींनी थंडीत जितक्या गाड्या अडतात तितक्या दुसऱ्या कशानेही अडत नसतील.

एक इशारा इथेच देऊन ठेवतो. पूर्ण भरलेली बॅटरी उणे ५० अंशांपर्यंतही गोठत नाही, पण उतरलेली बॅटरी उणे ७ ते १० अंशांतच गोठते. बॅटरीच्या बाजू फुगलेल्या दिसल्या किंवा आत बर्फ दिसला तर तिला जंपर केबल लावू नका, चार्जरही नको. फुटू शकते.

तुमच्या बाबतीत सेल्फ जोमाने फिरतो म्हणता, म्हणजे बॅटरी सध्या बाजूला ठेवू. आता किल्ली फक्त ऑनवर आणा आणि कान द्या. मागच्या सीटखालून, टाकीतून, दोनेक सेकंद पंपाची गुणगुण ऐकू यायला हवी. (काही गाड्यांत पंप दार उघडतानाच फिरून घेतो, तेही ध्यानात असू द्या.) डॅशबोर्डवर इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकत असेल तर गाडीने किल्ली ओळखलेलीच नाही. कित्येक मॉडेलमध्ये अशा वेळी सेल्फ फिरतो, पण पेट्रोल मिळत नाही, आणि माणूस इथर मारत बसतो.

मग वास घ्या. बरेचदा सेल्फ मारून झाल्यावर सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर पेट्रोल ओव्हर झालंय, प्लग भिजलेत. भिजलेल्या प्लगवर इथरचं काही चालत नाही, कारण तिथे मुळात ठिणगीच नीट पडत नाही. त्यावर उपाय वेगळा आहे: ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि दहा सेकंद सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शनवाल्या गाड्यांत असं केलं की कॉम्प्युटर इंजेक्टर बंद ठेवतो आणि नुसती हवा आत जाऊन प्लग सुकतात. इंजिन धडपडत चालू होऊ लागलं की पाय हळूहळू सोडायचा. डबा आणण्याआधी हे करून पाहायला काही खर्च नाही.

सेल्फ एका वेळी दहा, फार तर पंधरा सेकंद. मध्ये निदान एक मिनिट विश्रांती. पेट्रोल कारचा सेल्फ दीड-दोनशे अँपिअर ओढतो, थंडीत त्याहूनही जास्त, आणि ती उष्णता त्याच्या गुंडाळ्यांत साठत जाते.

एवढं करूनही इंजिन पेट घेत नसेल तर पेट्रोल गाडीला फवारा मारायची रीत सांगतो. गाडी उघड्यावर आणा किंवा दरवाजा पूर्ण उघडा. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक वर. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे. एअर फिल्टरची पेटी उघडा. फिल्टर आणि थ्रॉटल (आत जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप) यांच्यामध्ये, पाईपवर, हवा मोजणारा सेन्सर आहे का बघा. बऱ्याच गाड्यांत तिथे एक बारीक तापलेली तार किंवा पातळ पट्टी असते. इथरचा झोत तिच्यावर गेला तर ती बिघडते, आणि वंगण असलेला फवारा तिच्यावर थर बसवतो. मग गाडी चालू झाली तरी महिनाभर नीट चालत नाही आणि कारण कुणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून सेन्सरच्या पलीकडे, थ्रॉटल बॉडीच्या तोंडाजवळ पाईप सैल करून फवारा मारणं उत्तम. हवा मोजणारा सेन्सर नसलेल्या गाडीत फिल्टरच्या पेटीत मारलं तरी चालतं.

फवारा एक सेकंद, मोठं इंजिन असेल तर दोन. त्याहून जास्त नाही. डबा बाजूला ठेवा, पाईप परत चढवून क्लिप आवळा, फिल्टर आणि पेटीचं झाकण बसवा, आणि मगच सेल्फ मारा. हा क्रम मी कधीच मोडू देत नाही. उघड्या पाईपातून बॅकफायर झाला तर ज्वाळा थेट बाहेर येते, आणि तिच्यासमोर तुमचा चेहरा आणि हातात ज्वालाग्राही डबा असतो. फिल्टर जागेवर असेल तर ती ज्वाळा बरीचशी तिथेच अडते. एकाने आत बसून सेल्फ मारायचा आणि दुसऱ्याने उघड्या तोंडात फवारत राहायचं, हा प्रकार पेट्रोल कारवर करू नका. पट्टा आणि पंखा हाताशेजारीच फिरत असतात, हा त्यातला वेगळाच धोका.

एका फवाऱ्याने काहीच झालं नाही तर एक-दोन मिनिटं थांबून आणखी एकदा, तेवढाच. दुसऱ्यांदाही इंजिन हललं नाही तर डबा बंद. न पेटलेलं इथर मॅनिफोल्डमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साठत जातं आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी एकदम पेटतं. हल्ली मॅनिफोल्ड प्लास्टिकचे असतात, ते अशा वेळी शिवणीतून फुटतात. टर्बो असलेल्या गाडीत तर इंटरकूलर आणि लांबलचक पाईप यांत वाफ साठायला भरपूर जागा असते. तिथे मी पहिला फवाराही हात आखडूनच मारतो.

आता खरा मुद्दा. इंजिनाने फवाऱ्याला काय प्रतिसाद दिला, ते नीट बघा.

इंजिन एक-दोन सेकंद धडाडलं आणि लगेच बंद पडलं, तर ठिणगी आहे, कम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा नीट दाबली जाणं) आहे, टायमिंग (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्या हालचालींचा मेळ) बरोबर आहे. आत पेट्रोल पोहोचत नाहीये, किंवा पुरेसं पोहोचत नाहीये. पंप, त्याचा रिले, फ्यूज, फिल्टर, प्रेशर, इंजेक्टर, या ओळीने शोधा. फवारूनही काहीच हालचाल नाही, साधी ढुसकीसुद्धा नाही, तर ठिणगीकडे वळा: प्लग, कॉइल, क्रँकशाफ्ट सेन्सर. मागून किंवा पुढून फटाके वाजले पण इंजिन चालू झालं नाही, तर टायमिंगचा संशय घ्या आणि पुढे सेल्फ मारणं थांबवा. टायमिंग बेल्ट दात सोडून सरकला असेल तर प्रत्येक फेऱ्यात व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटायचा धोका असतो.

आणि चौथी शक्यता, जी तुमच्या वर्णनाशी मला सगळ्यात जास्त जुळते: फवाऱ्याने इंजिन चालू झालं आणि मग नीट चालत राहिलं, दिवसभर काही तक्रार नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. याचा अर्थ पेट्रोल येतंय, पण गार इंजिनाला जे जादा द्यायला हवं ते दिलं जात नाहीये. इथे दोन गुन्हेगार ठरलेले.

पहिला तोच, कूलंटचा तापमान सेन्सर. हा एक रोधक असतो, गार असताना त्याचा रोध जास्त, तापल्यावर कमी. नेहमीच्या जातीचा सेन्सर २० अंशांना साधारण अडीच हजार ओहम दाखवतो, शून्याला पाच-सहा हजार, उणे २० ला पंधरा हजारांच्या आसपास आणि ८० अंशांना तीनशेच्या घरात. तो खराब होऊन कमी रोध दाखवू लागला की कॉम्प्युटरला वाटतं इंजिन गरम आहे, आणि तो गरम इंजिनाला पुरेल एवढंच पेट्रोल देतो. उन्हाळ्यात हे खपून जातं, थंडीत गाडी अडते. कितीतरी वेळा डॅशबोर्डवर दिवाही लागत नाही, कारण ४० अंश हा आकडा कॉम्प्युटरला अशक्य वाटत नाही. तपासणी सोपी आहे. रात्रभर उभ्या गाडीला, पहिला सेल्फ मारण्याआधी, स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं उपकरण) लावा आणि कूलंटचं तापमान व आत येणाऱ्या हवेचं तापमान वाचा. दोन्ही आकडे एकमेकांच्या आणि बाहेरच्या तापमानाच्या आसपास हवेत. बाहेर उणे १० आणि कूलंट अधिक ३५ दाखवत असेल तर इथरचा डबा परत करा आणि सेन्सर बदला. बदलण्याआधी कनेक्टरच्या पिना आणि तारही बघून घ्या, कधीकधी दोष तिथेच असतो.

दुसरा गुन्हेगार म्हणजे रात्रीत उतरणारं प्रेशर. पंपातला एकदिशा व्हॉल्व्ह गळत असेल तर लाइनमधलं पेट्रोल हळूहळू टाकीत परत जातं आणि सकाळी पहिले काही सेकंद रेल (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणारी नळी) रिकामी असते. ओळखायची युक्ती: किल्ली ऑन करा, पंप थांबेपर्यंत वाट बघा, बंद करा, असं दोन-तीनदा, आणि मगच सेल्फ मारा. एवढ्याने गाडी चटकन चालू झाली तर रोग सापडला. इंजेक्टर गळत असेल तरी प्रेशर उतरतं, फरक असा की मग सकाळी पेट्रोलचा वास येतो आणि चालू होताना काळा धूर निघतो.

याखेरीज महिनोन्महिने टाकीत पडून राहिलेलं पेट्रोल. त्यातले हलके घटकच आधी उडून जातात, आणि थंडीत नेमके तेच हवे असतात. जिथे कडक हिवाळा असतो तिथे हिवाळ्याचं पेट्रोल जास्त उडणारं बनवतात, त्यामुळे उन्हाळ्यात भरलेली टाकी हिवाळ्यात त्रास देते. प्लग जुने असतील तर बदला, त्यावर जास्त लिहीत नाही.

डिझेलकडे वळतो. इथे मला अजिबात सौम्य बोलायचं नाही, कारण यात इंजिन कायमचं जातं.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा सोळा ते बावीस पट दाबून तापवायची आणि पिस्टन अगदी वर पोहोचताना त्यात डिझेल मारायचं, अशी त्याची चाल. डिझेल नेमक्या क्षणी येतं म्हणून पेट नेमक्या क्षणी होतो. इथर मात्र हवेबरोबरच आत शिरतं आणि दाबण्याच्या सगळ्या प्रवासात सिलिंडरमध्ये हजर असतं. १६०-१८० अंश गाठले की ते पेटतं, मग पिस्टन अर्ध्या वाटेवर का असेना. झोका आपल्याकडे येत असताना मधेच त्याला उलटा धक्का द्यावा, तसा तो स्फोट वर येणाऱ्या पिस्टनला खाली दाबतो. पिस्टन रिंगांच्या मधल्या कडा तुटतात, कनेक्टिंग रॉड वाकतात, हेड गॅस्केट जातं, कधी हेडलाच तडा.

त्यात हीटर प्लग आले की दाबण्याचीही गरज उरत नाही. त्यांचं टोक ८०० ते १००० अंशांपर्यंत लालबुंद होतं. इथरची वाफ तिथे पोहोचली की लगेच पेटते. काही इंजिनांत हीटर प्लगऐवजी हवा येण्याच्या मार्गातच तापणारी जाळी असते, तिथे स्फोट मॅनिफोल्डमध्येच होतो. "किल्ली ऑन न करता थेट सेल्फ मारतो, मग हीटर तापणार नाहीत," असं मला सांगणारे पुष्कळ भेटतात. आजच्या गाड्यांत हीटर कधी लावायचा हे कॉम्प्युटर ठरवतो. सेल्फ मारतानाही तो चालू असतो, आणि इंजिन चालू झाल्यावरही काही वेळ चालूच राहतो. माझ्याकडे आलेल्या एका गाडीत मालकाला हीटर प्लग मेलेत हे ठाऊक होतं, म्हणून त्याने निर्धास्तपणे फवारा मारला. चारपैकी तीन मेलेले होते. चौथा चालू होता, आणि पिस्टन फुटला तो त्याच सिलिंडरचा.

मग मोठ्या ट्रकना, जनरेटरना, माती उकरणाऱ्या यंत्रांना इथर चालतं ते कसं? त्यातल्या काही इंजिनांत हीटर प्लग नसतातच, आणि कारखान्यातूनच इथर सोडायची यंत्रणा बसवलेली असते. ती तापमान बघून, ठरलेली छोटी मात्रा, इंजिन फिरत असतानाच सोडते. हाताने धरलेल्या डब्यात यातलं काहीच नसतं. त्या इंजिनांवरून कारचा निष्कर्ष काढू नका. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत इथर वापरू नका असं लिहिलेलं असेल तर तिथेच विषय संपतो.

डिझेल गाडी थंडीत अडत असेल तर हीटर प्लग तपासा. तार काढून प्रत्येकाचा रोध मोजा. चांगला प्लग एक-दोन ओहम किंवा त्याहून कमी दाखवतो, मेलेला अनंत. मग त्यांचा रिले आणि फ्यूज. हे ठीक असेल तर डिझेल गोठलंय का ते बघा. थंडीत डिझेलमधलं मेण वेगळं होऊन फिल्टर बुजवतं. युरोपातल्या ईएन ५९० मानकात याच कारणासाठी हिवाळ्याचे वेगवेगळे दर्जे आहेत, कडाक्याच्या थंडीसाठीचा शेवटचा वर्ग उणे ४४ अंशांपर्यंत फिल्टरमधून जाऊ शकतो. बुजलेल्या फिल्टरवर इथर म्हणजे शुद्ध नुकसान: इंजिन दोन सेकंद धडाडेल, मग पुन्हा उपाशी. गाडी उबदार जागी न्या, फिल्टर बदला, मोसमाचं डिझेल भरा. गोठू नये म्हणून टाकायचं औषध मेण धरण्याआधी टाकायचं असतं, नंतर त्याचा उपयोग नाही. डिझेलमध्ये पेट्रोल किंवा रॉकेल मिसळायची जुनी युक्ती कॉमन रेल इंजिनावर (एकाच नळीतून सगळ्या इंजेक्टरांना खूप दाबाने डिझेल देणाऱ्या आजच्या इंजिनावर) करू नका. त्यांच्या हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं.

सवय लागण्याबद्दल. इथरने इंजिनाला नशेसारखी चटक लागत नाही, पण लोकांनी पाहिलेली गोष्ट खोटीही नाही. इंजिनाचं कम्प्रेशन उतरत चाललेलं असतं, म्हणून ते थंडीत चालू होत नाही. मालक फवारा मारतो, ते चालू होतं. इथर सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन काढतं, रिंगा कोरड्या घासतात, वर अवेळी स्फोटांचे घाव. कम्प्रेशन आणखी उतरतं. पुढच्या हिवाळ्यात एका फवाऱ्याच्या जागी तीन लागतात. बाहेरून हे व्यसनच वाटतं. आत मात्र पहिल्या दिवसापासून एक दुखणं होतं आणि ते कुणी तपासलं नाही. अशा इंजिनाचं कम्प्रेशन मोजून घ्या, मग पुढचा निर्णय घ्या.

डब्याच्या जागी दुसरं काही वापरू नका, विशेषतः ब्रेक क्लीनर. त्यातल्या काही प्रकारांत क्लोरीनयुक्त द्रावक असतात, ते जळताना फॉस्जीनसारखा अत्यंत विषारी वायू तयार होतो. पेट्रोल बाटलीतून थ्रॉटलमध्ये ओतणं हाही आगीला आमंत्रण देणारा प्रकार आहे. इंजिनाखाली शेगडी किंवा ज्योत ठेवून ऑइल गरम करणं तर नकोच नको.

इथरची वाफ हवेच्या अडीच पटीहून जड असते. ती जमिनीलगत पसरत जाते आणि दूरच्या हीटरपर्यंत किंवा विडीपर्यंत पोहोचून तिथून पेट घेऊन परत येऊ शकते. बंद गॅरेजमध्ये म्हणूनच नको. शिवाय ती श्वासात गेली की गुंगी येते. १८४६ साली बॉस्टनच्या रुग्णालयात विल्यम मॉर्टन यांनी शस्त्रक्रियेसाठी रुग्णाला बेशुद्ध केलं ते याच इथरने. डबा गाडीच्या केबिनमध्ये किंवा डिकीत ठेवू नका. उन्हात काच बंद असलेली गाडी किती तापते ते आपल्याला माहीत आहे, आणि अशा डब्यांची मर्यादा साधारण ५० अंशांची असते.

दरवर्षी अशी थंडी पडत असेल तर पैसे डब्यावर घालण्यापेक्षा दोन ठिकाणी घाला. एक, ऑइल. पुस्तिकेत परवानगी असलेल्यांपैकी डब्ल्यूच्या आधीचा आकडा सगळ्यात लहान असलेलं घ्या; तो जितका लहान तितकं ऑइल थंडीत पातळ राहतं. मानकाप्रमाणे १५डब्ल्यू ऑइलची गार इंजिन फिरवण्याची चाचणी उणे २० अंशांना होते, १०डब्ल्यूची उणे २५ ला, ५डब्ल्यूची उणे ३० ला आणि ०डब्ल्यूची उणे ३५ ला. दोन, ब्लॉक हीटर. कॅनडात आणि स्कँडिनेव्हियात तो सर्रास असतो. काही शे वॉटचा हा हीटर कूलंट तापवतो. निघण्याआधी दोन-तीन तास लावला तरी इंजिन पहिल्या-दुसऱ्या फेऱ्यात पेट घेतं, आणि इथर हा शब्दही आठवत नाही. पेट्रोल आणि डिझेल, दोघांनाही चालतो. रात्रभर लावून ठेवायची गरज नाही.

तर उद्या सकाळी तुमच्या पेट्रोल गाडीचं असं करा. सेल्फ मारण्याआधी, किल्ली फक्त ऑनवर आणून, स्कॅनरवर दोन्ही तापमानं बघून लिहून घ्या. मग किल्ली तीनदा ऑन-ऑफ करून सेल्फ मारा. नाही झाली तर ॲक्सिलरेटर तळाला दाबून एकदा. तरीही नाही तर एक सेकंदाचा फवारा, आणि इंजिन किती वेळ चाललं ते बघा. शेवटी एक प्लग काढून ओला आहे की कोरडा ते पाहून ठेवा. मेकॅनिककडे जाताना "थंडीत गाडी सुरू होत नाही" एवढंच न सांगता ही पाच उत्तरं त्याच्या हातात द्या. डिझेल गाडीचे हीटर प्लगही त्याच फेरीत मोजून घ्या.